सामाईक अंगणातला हरभरा

मी हरभरा पेरला तो खायच्या हौसेनं नव्हे. मोठ्या जावेला गाडी लावायला जागा मिळू नये म्हणून पेरला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरातल्या सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यांत आधी तिलाच. तोंडावर मी तिला ताई म्हणते, अहो-जाहो करते. मनात कधी केलं नाही, म्हणून इथेही करणार नाही.

आमचं घर नाशिकला, मखमलाबाद नाक्याच्या पुढे. सासऱ्यांनी प्लॉट घेतला तेव्हा चहूकडे द्राक्षाचे मळे होते म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा दोन उरले होते, आता एकही नाही. खाली मोठे दीर आणि जाऊ, वर आम्ही. वरचा जिना बाहेरून आहे, त्यामुळे एकमेकींचं तोंड न बघता राहणं जमून जातं. मागचं अंगण मात्र सामाईक. तिथे एका कोपऱ्यात तिचा कढीपत्ता आणि बाकी नुसती काळी माती, पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात भेगा.

पाच वर्षं आम्ही बोलत नव्हतो. कारण माझी मुलगी. लहानपणी तिला आकडी यायची. सातवीत असताना थांबली, पुढे डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, आम्ही विषय बंद केला. ती शिकली, पुण्यात नोकरीला लागली, आणि मालेगावचं एक चांगलं स्थळ चालून आलं. मुलगा इंजिनिअर, माणसं सरळ. जुनं उगाळायचं नाही, असं मी आणि नवऱ्यानं ठरवलं. जे बरं झालं ते सांगायचं कशाला? आजही मला त्यात काही चूक वाटत नाही. बोलणी झाली, साखरपुड्याचा हॉल बघून ठेवला, आणि त्यांचा फोन आला. मुलाच्या आईनं आवाज न चढवता विचारलं, "मुलीला फिट यायची हे तुम्ही का लपवलंत?"

मी विचारलं, "तुम्हाला कोण बोललं?"

"तुमच्याच घरातून कळलं. तुमच्या मोठ्या जाऊबाईंनी सांगितलं."

मी तशीच जिना उतरले. ती स्वयंपाकघरात खाली बसून तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "मालेगावच्या लोकांना तुम्ही सांगितलंत?"

ती म्हणाली, "हो."

एवढंच. त्या दिवशी मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ती ऐकत होती आणि ताटातले खडे बाजूला काढत होती. तो ताटाचा आवाज मला अजून आठवतो. त्यानंतर मी तिच्याशी बोलणं सोडलं. सणाला, लग्नकार्यात, सासूबाईंच्या वर्षश्राद्धालासुद्धा आम्ही एका पंगतीत दोन टोकांना बसलो.

मग दिरांनी निवृत्तीनंतर गाडी घेतली. गल्लीत लावली की पोरं ओरखडे काढतात, म्हणून मागच्या अंगणात ब्लॉक टाकून तिथे ती उभी करायची, असं खाली ठरलं. माझ्या नवऱ्याला विचारलं, त्यानं लगेच "घ्या की दादा" म्हणून टाकलं. मला कळलं ते दिवाळीत, आणि तेही फराळाचं ताट परत द्यायला आलेल्या शेजारणीकडून. "बरं झालं हो, तुमच्याकडे ब्लॉक टाकताहेत. चिखल जाईल," ती म्हणाली.

मी नवऱ्याला म्हटलं, "अर्धं अंगण माझं नाही का?"

"तू तिथे करतेस काय?"

त्याचं उत्तर मला भाऊबीजेला भाऊ निफाडहून आला तेव्हा मिळालं. त्याची हरभऱ्याची पेरणी नुकतीच झाली होती आणि उरलेलं बी पिशवीत तसंच मोटारसायकलच्या डिकीत होतं. मी त्याच्याकडून दोन मुठी मागून घेतलं.

"अंगणात हरभरा?" तो हसला. "लावायचंच तर मेथी लाव, कोथिंबीर लाव. महिन्यात हाताशी येईल."

पण मला महिन्यात हाताशी येणारं काही नको होतं. मला फाल्गुनापर्यंत उभं राहणारं पीक हवं होतं. मी शेतकऱ्याच्या घरची, आणि जाऊही सटाण्याकडची, शेतातच वाढलेली. उभ्या पिकावर पाय द्यायचा नाही, हे आम्हा दोघींना कुणी शिकवलेलं नाही, ते अंगातच आहे. माझा सगळा भरवसा तिच्या त्या संस्कारावर होता.

दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेऊन अंगणात उतरले. वरची माती वाळली होती, खाली ओल होती. ढेकळं फोडली, गवताच्या मुळ्या काढल्या, वीतभर अंतरानं ओळी धरल्या आणि बोटाच्या दोन पेरांएवढं खोल एकेक बी टाकत गेले. गाडी जिथून वळणार होती बरोबर तिथे सगळ्यांत दाट पेरलं. खालच्या खिडकीचा पडदा दोनदा हलला. पारवे बी उकरून नेतील म्हणून वरून जुनी मच्छरदाणी ताणली. तळहाताला फोड आले होते, पण त्या रात्री मला छान झोप लागली.

आठवडाभरात माती चिरली. हिरवे आकडे वर आले आणि उलगडून त्यांची बारीक पानं झाली. मी सकाळी चहा घेऊन गॅलरीत उभी राहायचे आणि शत्रूच्या मुलखात आपली चौकी बसवावी तशी त्या ओळींकडे बघायचे.

ब्लॉकवाला टेम्पो घेऊन आला तेव्हाही मी गॅलरीतच होते. त्यानं मच्छरदाणीचा कोपरा उचलला आणि जावेला म्हणाला, "काकू, चार रोपटी तर आहेत. उपटून टाकतो, तासाभराचं काम आहे."

ती मागच्या दारात उभी होती. तिनं रोपांकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे इतकं सरळ पाहिलं असेल. रागावली की तिच्या तोंडी माहेरची बोली येते.

"हात लावू नको," ती त्याला म्हणाली. "पीक शे ते. निघालं की बोलावते."

टेम्पो भरलेला आला तसाच भरलेला गेला. मी आत येऊन नवऱ्याला म्हटलं, "बघ, मी काय करते तिथे."

पण ती काही गप्प बसणारी नव्हती. पिकावर पाय देणार नाही, मात्र पाणी द्यायला कुठे बंदी होती? तिच्या वॉशिंग मशीनची नळी इतके दिवस गटारीत सुटायची. एका सकाळी पाहिलं तर ती अंगणात आणून सोडलेली. हरभऱ्याला पाणी सोसत नाही. त्याला थंडी हवी, दव हवं आणि मुळाशी कोरडं हवं, आणि हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्या बाजूच्या दोन ओळी बघता बघता पिवळ्या पडल्या. एक रोप उपटून पाहिलं, तर मूळ काळं आणि बुळबुळीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं असेल, किती काळजीनं बाई जावेच्या झाडांना पाणी देते.

मी जुन्या साडीचा बोळा केला आणि नळीच्या तोंडात घट्ट कोंबला. दुपारी खालून आरडाओरडा ऐकू आला. फेसाचं पाणी उलटं फिरून त्यांच्या बाथरूममधून पॅसेजमध्ये आलं होतं. दीर ओल्या पायजम्यात वर आले आणि माझ्या नवऱ्यासमोर बसून राहिले.

"वहिनी," माझा नवरा खाली वाकून जिन्यातूनच ओरडला, "तुम्ही दोघी बोलून घ्या ना एकदा!"

"मला कुणाशी बोलायचं नाही," मी आतून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नळी परत गटारीत होती.

डिसेंबर लागला. नाशिकची थंडी पडली, आणि उरलेली रोपं जोरात वाढली. सकाळी ओळींतून चाललं की पायांना चरचरायचं. हरभऱ्याच्या पानांवर आंब येते, खारट-आंबट दव, ते घोट्याला लागलं की खाजतं. मला ते आवडायचं. लहानपणी आई त्याच्यावर रात्री धुतलेलं फडकं पसरायची आणि सकाळी पिळून बाटलीत भरायची, पोटदुखीवर. मी तसलं काही केलं नाही. मला कुणाची पोटदुखी बरी करायची नव्हती, उलट तिचं पोट दुखावं अशीच इच्छा होती.

मग एका सकाळी खाली आले तर प्रत्येक रोपाचा शेंडा गायब.

शेळी शिरली असती तर एखादं झाड मुळापासून गेलं असतं, एखादं सुटलं असतं. इथे एकही शेंडा चुकलेला नव्हता आणि एकही जास्त तुटलेला नव्हता. मी जिन्याखाली उभी राहून ओरडले, "शेंडे कुणी खुडले?"

मागचं दार उघडलं. ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली. "मी खुडले. भाजी केली."

"विचारलंत का मला?"

"पेरलं तेव्हा तू मला विचारलंस? अंगण दोघींचं आहे ना?"

पाच वर्षांनी आम्ही बोललो ते हे. शेंडे खुडायला हवे होते, हे मलाही माहीत होतं. फुलं लागायच्या आधी खुडले की झाडाला फुटवे येतात, घाटे जास्त धरतात. आज करू, उद्या करू, म्हणत मीच ते मागे टाकलं होतं. तिनं माझं काम केलं होतं आणि वर भाजीही खाल्ली होती. तिनं नुकसान केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक झाकलेली वाटी दिसली. झाकण न उचलताही लसणाचा वास येत होता. मी ती तशीच राहू दिली. संध्याकाळी वाटी रिकामी होती. नवरा पायरीवरच बसून खाऊन आला होता.

"भाकरी पण दिली वहिनीनं," तो म्हणाला. "छान झाली होती."

"मग जेवायलाही तिथेच जा," मी म्हटलं, आणि त्याचं ताट वाढलं नाही. तो खरंच गेला.

जानेवारीत दोन-चार दिवस आभाळ आलं आणि घाट्यांना अळी लागली. डोकं घाट्यात खुपसून अर्धी बाहेर लोंबणारी हिरवी अळी. मी रोज सकाळी वाकून एकेक वेचायचे आणि डब्यातल्या पाण्यात टाकायचे. कंबर मोडून यायची. ती दारात उभी राहून म्हणाली, "वेचून कुठे संपतात? निंबोळी अर्क मार." मी वर पाहिलं नाही. नंतर दुकानात जाऊन निंबोळी अर्क आणला आणि स्वतःला सांगितलं की मी आणणारच होते.

अळी आटोक्यात आली. झाडं खालपासून फुटली होती, आणि घाट्यांनी वाकली होती. असला भरलेला हरभरा मी माहेरीही पाहिला नसेल. त्याचं श्रेय कुणाला, हा विचार मनात आला की मी दुसरं काहीतरी करायला लागायचे.

त्याच सुमाराला मुलगी पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर आली. मालेगावचं स्थळ मोडल्यावर तिनं लग्नाचा विषय काढू दिला नव्हता. ती आली की बॅग वर टाकते आणि खाली जाते. मला ते कधीच आवडलं नाही, पण मोठ्या माणसांची भांडणं मुलांवर लादू नयेत म्हणून मी ओठ आवळून बसायचे. "मोठ्या आईकडे जाऊन येते," म्हणाली की माझ्या कपाळाची शीर उडायची. जावेला मूलबाळ नाही. माझी पोर तिनं लहानपणापासून अर्धी स्वतःकडे ओढून ठेवली होती.

या वेळी तिनं अंगण पाहिलं आणि टाळी वाजवली. "आई! एवढा हरभरा! हुळा करू या ना."

दुपारी तिनं स्वतःच झाडं उपटली. मुळांसकट, मातीसकट. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत काखोटीला मावतील एवढे डहाळे झाले होते. वाळक्या काटक्या गोळा करून तिनं अंगणातच जाळ केला. पानं तडतडली, घाटे काळे पडले, आणि तो भाजक्या हरभऱ्याचा वास पसरला. नवरा खाली आला, दीर खुर्ची घेऊन बाहेर आले. आम्ही जाळाभोवती बसून हात काळे करत घाटे सोलत होतो. जाऊ मागच्या दारात उभी होती, उंबऱ्याच्या आत.

मुलगी म्हणाली, "मोठी आई, ये ना."

"तिला कशाला?" मी म्हणाले. मुद्दाम मोठ्यानं म्हणाले.

मुलीनं हातातला घाटा खाली ठेवला. "आई, पुरे आता," ती म्हणाली. "मालेगावला मीच सांगायला लावलं होतं."

"काय?"

"फिटचं. मोठी आई नको म्हणत होती. तुझी आई मला आयुष्यभर सोडणार नाही, म्हणाली. मी तिच्या गळ्यात पडून रडले तेव्हा तिनं फोन केला."

जाळातलं एक लाकूड घसरलं. दिरांनी ते पायानं आत ढकललं. त्यांना माहीत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"पण तुझी आकडी तर केव्हाच थांबली," मी म्हणाले.

"नाही थांबली. त्या वर्षी पुण्यात परत आली. ऑफिसच्या जिन्यात पडले. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. तू आणि बाबा इतके खुशीत होता त्या स्थळामुळे... आणि तू म्हणायचीस ना, फिटचं नावसुद्धा काढायचं नाही. मी कुणाला सांगणार?"

कुणाला, ते तर समोरच उभं होतं.

मी उठले आणि दारापाशी गेले. "पाच वर्षं," मी जावेला म्हणाले. "पाच वर्षं मी तुम्हाला शिव्या घातल्या. सांगितलं का नाहीत?"

"सांगितलंत का, एवढंच तू विचारलंस त्या दिवशी. का सांगितलंत, ते कुठे विचारलंस?"

"तरी सांगायचं!"

"म्हणजे तू पोरीशी बोलणं सोडलं असतंस." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "माझ्याशी बोलली नाहीस तर माझं काय अडत होतं? मला तशीही तू फार आवडत नाहीस."

त्या क्षणी मला हलकं वाटायला हवं होतं, लाज वाटायला हवी होती, निदान रडू तरी यायला हवं होतं. मला संताप आला. पाच वर्षं मी जिला पापी ठरवून सुखानं जगत होते तिनं माझ्याकडून तेवढंही काढून घेतलं. माझ्या पोरीचं दुखणं माझ्याआधी तिच्या घरात गेलं होतं, आणि ते तिनं माझ्यापासून जपून ठेवलं होतं, माझ्यावर उपकार म्हणून. मी सोललेले दाणे जाळात टाकले आणि वर निघून गेले.

मुलगी नंतर वर आली, माझ्याजवळ बसली. मी तिच्याशी धड बोलले नाही. जाताना तिला डबा भरून दिला. तिनं मला मिठी मारली, मी ती मारू दिली. खालूनही एक डबा निघाला. ते दोन्ही डबे तिनं एकाच पिशवीत घातले.

ती गेल्यावर बरेच दिवस मी अंगणात उतरले नाही. उरलेला हरभरा उभ्याउभ्या वाळला. फाल्गुनात मी तो उपटला आणि ताडपत्री टाकून काठीनं बडवायला बसले. थोड्या वेळानं ती बाहेर आली, समोर बसली, आणि आपलं लाकडी धोपटणं घेऊन दुसऱ्या टोकानं बडवायला लागली. मी ये म्हटलं नव्हतं, जा म्हणायची हिंमत झाली नाही.

"फार वाळवलास," ती म्हणाली. "दाणे फुटतात."

"तुम्हाला कुणी बोलावलंय?"

"हळू मार."

असं आम्ही बोलायला लागलो. पाखडतानाही भांडलो, सूप कसं धरायचं यावरून. निघालेला हरभरा दोन घरांत वाटला. आठवड्यानं टेम्पो आला, ब्लॉक पडले, गाडी आत आली. मी अडवलं नाही. अडवण्यात आता काही चव उरली नव्हती.

पण एक गोष्ट मला रोज खात होती, आणि ती फक्त तिच्याकडेच होती. शेवटी एका सकाळी मी तिच्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. ती कणीक मळत होती.

"कशी पडली होती ती?" मी विचारलं.

तिनं "बस" म्हटलं. मी बसले नाही. तिनं मग सगळं सांगितलं, कणकेवरची नजर न उचलता. पोर जिन्यात पडली तेव्हा तिची जीभ चावली गेली होती. मैत्रिणींनी दवाखान्यात नेलं. शुद्धीवर आल्यावर तिनं आईचा नंबर द्यायचं नाकारलं आणि हिचा दिला. ही दिरांना घेऊन पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेली. आम्हाला सांगितलं होतं की वणीला देवीला जातोय. मला ते आठवलं. येताना हिनं प्रसादाचा पेढाही आणला होता, आणि मी तो खाल्ला होता.

"आता किती दिवसांत आकडी आली नाही?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. पण झोप मोडली, गोळी चुकली, की भीती. विसराळू आहे ती."

"मला माहीत आहे माझी मुलगी कशी आहे," मी म्हणाले.

"चहा टाकू?"

"नको."

त्या दिवशी संध्याकाळी मी मुलीला फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग मी एकदम विचारलं, "गोळी घेतलीस का?"

"घेतली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा ओला झाला. "मोठ्या आईनंही आत्ताच विचारलं."

मी फोन ठेवला. खालच्या घरात दिवा लागला होता, कुकरची शिट्टी होत होती. दुसऱ्या दिवसापासून मी थोडा आधी फोन करायला लागले.